आक्रीत आणि त्याचा वाचक : चमत्कारिक वृत्त, प्रतिक्रिया आणि तेंडुलकरांचे ‘कमला’

१

वृत्तपत्राच्या आतल्या पानावर, एखाद्या जाहिरातीच्या कडेला, चार-सहा ओळींची एक बातमी असते. कोण्या गावी कोणी पोटच्या पोराला विकले, कोठल्या मूर्तीने दूध प्राशन केले, कोणत्या वस्तीत रात्री कोणते अनोळखी जनावर दिसले, असे काहीतरी तिच्यात सांगितलेले असते. वाचणारा ती वाचतो, हसतो किंवा चडफडतो, शेजारी बसलेल्याला वाचून दाखवतो आणि पान उलटतो. अशा बातमीकडे साहित्याभ्यासाने क्वचितच गांभीर्याने पाहिले आहे. पाहिले तेव्हाही ते एखाद्या श्रेष्ठ कलाकृतीचा ‘कच्चा माल’ म्हणून. अमुक कादंबरीचे बीज अमुक खटल्यात सापडते, तमुक नाटकाला तमुक वृत्तावरून स्फुरण मिळाले, एवढी नोंद झाली की बातमीचे काम संपले असे आपण मानतो.

प्रस्तुत लेखाचा रोख थोडा वेगळा आहे. चमत्कारिक किंवा खळबळजनक वृत्त हा स्वतःच एक रचनाबंध आहे, आणि वाचकाची प्रतिक्रिया हा त्या रचनेचाच एक घटक आहे, असे मला येथे मांडायचे आहे. सामान्य समज असा की आधी घटना घडते, मग तिचे वृत्त होते आणि त्यानंतर लोक आपापल्या प्रकृतीप्रमाणे प्रतिक्रिया देतात. प्रत्यक्षात अशा वृत्ताच्या शब्दयोजनेतच, क्रमातच, काय सांगितले आणि काय गाळले यातच, वाचकाने हसावे की संतापावे हे पुष्कळसे ठरून गेलेले असते. असे असेल तर अशा वृत्तातून जन्मलेल्या साहित्यकृतीची कसोटीही बदलते. मूळ घटनेशी ती किती प्रामाणिक राहिली, हा प्रश्न गौण ठरतो. तयार मिळालेल्या प्रतिक्रियेचे तिने काय केले, हा प्रश्न मुख्य ठरतो.

या विचाराला मराठीत एक अनुकूल शब्द आहे : ‘आक्रीत’. ‘नवल’ या शब्दात कुतूहल आहे, ‘चमत्कारा’त विस्मय आहे, ‘अघटिता’त असंभवाची जाणीव आहे, परंतु ‘आक्रीत’ म्हणताना बोलणाऱ्याचा स्वर आपोआप बदलतो. ‘काय आक्रीत घडलं’ हे विधान तटस्थपणे करता येत नाही. घडू नये ते घडले हा निवाडा, आणि ते ऐकून आपण हादरलो ही कबुली, दोन्ही त्या एका शब्दात सामावलेल्या असतात. वस्तू आणि तिची प्रतिक्रिया वेगळी न करणारा हा शब्द आपल्या विषयाची व्याख्याच बनू शकतो.

२

फ्रेंच वृत्तपत्रांत ‘फे दिव्हेर’ या नावाने एक सदर चालत आले आहे. त्याचा साधा अर्थ ‘किरकोळ, नाना प्रकारच्या घटना’. खून, अपघात, विचित्र योगायोग, विक्षिप्त वागणूक, ज्यांना राजकारण-अर्थकारणाच्या चौकटीत जागा नाही असे सारे त्यात जमा होते. या वृत्तप्रकाराचे सर्वांत मार्मिक विवेचन रोलाँ बार्थ यांनी १९६२ मध्ये लिहिलेल्या आणि पुढे १९६४ च्या त्यांच्या समीक्षालेखसंग्रहात समाविष्ट झालेल्या निबंधात आढळते. बार्थ यांचा आरंभबिंदू असा : खून राजकीय असेल तर तो समजून घेण्यासाठी वाचकाला त्या वृत्ताच्या बाहेरची पुष्कळ माहिती लागते. खून राजकीय नसेल, तर तो ‘फे दिव्हेर’ होतो आणि मग त्याला लागणारे सारे काही त्याच्या आतच असते. असे वृत्त स्वयंपूर्ण असते. त्याला आदल्या दिवसाची गरज नसते आणि दुसऱ्या दिवसाचीही नसते.

अशा वृत्ताची आंतरिक रचना दोन संबंधांवर उभी असते असे बार्थ सांगतात. पहिला कार्यकारणाचा, पण बिघडलेला : कारण क्षुल्लक आणि परिणाम भयंकर, किंवा कारण दिसतच नाही. दुसरा योगायोगाचा : परस्परांपासून दूरच्या दोन गोष्टी एका ओळीत येतात आणि त्यांच्या सान्निध्यामुळेच अर्थाचा भास निर्माण होतो. रक्षकानेच भक्षण करावे, अग्निशामक दलाच्या ठाण्यालाच आग लागावी, अशी विपरीत टोके ही या दुसऱ्या संबंधाची आवडती जागा. दोन्हींत समान आहे ते प्रमाणभंगाचे तत्त्व. जे जसे असायला हवे त्याच्याशी जे आहे त्याचे माप जुळत नाही, आणि त्या न जुळण्यातून वृत्त जन्मते.

हे विश्लेषण आजही उपयुक्त आहे. परंतु त्यात एक उणीव जाणवते. ‘जसे असायला हवे’ हे माप कोणाचे? प्रमाणभंग जाणवण्यासाठी आधी प्रमाण ठाऊक असावे लागते, आणि ते वृत्ताच्या आत नसते, वाचकाच्या घरी असते. एखाद्या प्रदेशात स्त्रीची किंमत ठरते आणि पैसे हातोहात दिले जातात, ही तेथल्या माणसाच्या लेखी बातमी नसेल. राजधानीतल्या वाचकाच्या लेखी ती आक्रीत असते. म्हणजे ‘फे दिव्हेर’ स्वयंपूर्ण नाही. त्याला वाचकाच्या स्थानाची पूर्वअट आहे, आणि ते स्थान झाकून ठेवण्यावरच त्याचा परिणाम अवलंबून आहे. हा मुद्दा भारतीय संदर्भात अधिकच महत्त्वाचा ठरतो, कारण येथे वृत्त जिथे घडते ती भाषा, जिथे छापले जाते ती भाषा आणि जिथे वाचले जाते तो वर्ग यांत पुष्कळदा तीन वेगवेगळ्या जगांचे अंतर असते.

३

अशा वृत्ताचे साहित्यात काय होते, याची दोन टोके फ्रेंच परंपरेतच सापडतात. १८२७ मध्ये ग्रनोब्ल येथे आंत्वान बेर्ते या तरुणावर खटला चालला. ज्या घरात तो पूर्वी शिक्षक होता त्या घरच्या स्त्रीवर त्याने चर्चमध्ये गोळी झाडली होती. पुढल्या वर्षी त्याला देहदंड झाला. न्यायालयीन वृत्तपत्रात या खटल्याचा वृत्तान्त आला, आणि १८३० मध्ये स्तांधालची ‘तांबडे आणि काळे’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. स्तांधालने केले ते असे की वृत्ताने दिलेली प्रतिक्रिया लांबणीवर टाकली. गोळीचा आवाज येण्यापूर्वी शेकडो पाने तो वाचकाला त्या तरुणाच्या महत्त्वाकांक्षेत, अपमानांत, लहानसहान विजयांत राहायला लावतो. गोळी सुटते तेव्हा वाचकापाशी धक्का उरलेला नसतो, किंवा उरला तरी तो निवाडा करण्याच्या कामाचा राहिलेला नसतो. प्रमाणभंगाच्या जागी प्रमाणच बदलते.

दुसरे टोक फेलिक्स फेनेओं यांचे. कलासमीक्षक आणि संपादक असलेल्या या गृहस्थाने १९०६ मध्ये पॅरिसच्या ‘ल मातँ’ या दैनिकात तीन-तीन ओळींची हजाराहून अधिक वृत्ते बिननावाने लिहिली. त्यांच्या सहचरीने त्यांची कात्रणे जपून ठेवली. फेनेओं १९४४ मध्ये वारले आणि १९४८ मध्ये ती संग्रहरूपाने आली. या तीन ओळींत आत्महत्या आहेत, कामगारांचे संप आहेत, रेल्वेखाली सापडलेली माणसे आहेत. घटनांची क्रमवारी, क्रियापदाला लावलेला विलंब, शेवटी अचानक येणारा एखादा निरर्थक तपशील यांमुळे वाचक हसतो, आणि आपण कशाला हसलो हे कळताच त्याचे हसू गिळले जाते. स्तांधालने विस्ताराने जे केले ते फेनेओंनी संक्षेपाने केले, असे म्हणावेसे वाटते. पण ते पूर्ण खरे नाही. फेनेओंचा वाचक स्वतःवर चकित होतो. मेलेल्या माणसाविषयी मात्र त्याला अधिक काही कळत नाही. विस्तारात माणूस मिळतो आणि वृत्त हरवते. संक्षेपात वृत्ताचे यंत्र उघडे पडते आणि माणूस हरवतो. विसाव्या शतकातील वृत्ताधिष्ठित साहित्य या पेचातून सहसा सुटलेले नाही.

४

हा पेच आणखी गुंतागुंतीचा होतो तो प्रतिक्रियाच वृत्त बनते तेव्हा. ३० ऑक्टोबर १९३८ च्या रात्री ऑर्सन वेल्स यांनी एच. जी. वेल्स यांच्या कादंबरीवर आधारलेली, मंगळावरील आक्रमणाची नभोनाटिका अमेरिकेत सादर केली. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांनी देशभर घबराट उडाल्याचे वर्णन केले, आणि १९४० मध्ये हॅडली कँट्रिल यांचा या घबराटीवरील अभ्यास ग्रंथरूपाने आला. दीर्घकाळ ही घटना समूहाच्या भाबडेपणाचा आदर्श पुरावा मानली गेली. पुढील काळातील संशोधकांनी मात्र असे दाखवले, की त्या रात्रीची घबराट वृत्तपत्रांनी रंगवली तेवढी व्यापक नव्हती. नभोवाणी हे नवे, प्रतिस्पर्धी माध्यम बेजबाबदार आहे हे सांगण्यात छापील वृत्तपत्रांचा हितसंबंध होता. म्हणजे मंगळावरून कोणी आले या कथेवर विश्वास ठेवणाऱ्यांपेक्षा, लोकांनी त्या कथेवर विश्वास ठेवला या कथेवर विश्वास ठेवणारे अधिक निघाले. ‘लोक किती भोळे’ ही प्रतिक्रिया सर्वांत भोळी ठरली.

आपल्याकडील दोन प्रसंग याच प्रकाशात पाहण्याजोगे आहेत. २१ सप्टेंबर १९९५ या दिवशी गणेशमूर्ती दूध पितात हे वृत्त दिल्लीपासून पसरत एका दिवसात देशभर आणि देशाबाहेरच्या मंदिरांतही पोहोचले. पृष्ठताण आणि केशाकर्षण या तत्त्वांच्या आधारे शास्त्रज्ञांनी लगोलग खुलासा केला, आणि महाराष्ट्रात अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीने तो लोकांपर्यंत नेला. खुलासा बरोबर होता. तरी साहित्याच्या अभ्यासकासाठी एक प्रश्न उरतोच : त्या दिवशी रांगेत उभा राहिलेला माणूस नेमके काय करीत होता? मूर्ती दूध पिते की नाही हे तपासत होता, की सर्वांसोबत एका घटनेत असण्याचा अनुभव घेत होता? वृत्ताने त्याला श्रद्धाळू किंवा भोळा ठरवले. त्याचे स्वतःचे वाक्य वृत्तात आले नाही.

मे २००१ मध्ये दिल्लीच्या पूर्व भागात ‘काळे माकड’ किंवा ‘मंकी मॅन’ या नावाने एका हल्लेखोराचे वृत्त पसरले. कोणी त्याच्या डोक्यावर शिरस्त्राण पाहिले, कोणी पोलादी नखे पाहिली. पोलिसांनी रेखाचित्रे प्रसृत केली, बक्षीस जाहीर केले. गच्चीवरून पळताना पडून काही माणसे प्राणास मुकली. शेवटी तज्ज्ञांच्या तपासणीतून असा कोणी प्राणी वा मनुष्य नसल्याचा आणि हा सामूहिक भयाचा प्रकार असल्याचा निष्कर्ष निघाला. ‘सामूहिक भय’ हे निदान चुकीचे नव्हते. परंतु ज्या वस्त्यांत ते घडले तेथे उकाड्याच्या रात्री वीज नसल्यामुळे माणसे गच्चीवर निजत होती, हा साधा तपशील त्या निदानात कुठेच बसत नव्हता. ज्यांच्या घरी वीज होती त्यांनी ते वृत्त करमणूक म्हणून वाचले. २००९ च्या ‘दिल्ली-६’ या हिंदी चित्रपटाने याच माकडाला रूपक बनवून समूहाच्या आत दडलेल्या हिंसेचे चिन्ह केले. रूपक प्रभावी होते. पण रूपक झाल्याबरोबर गच्चीवरचा माणूस पुन्हा अदृश्य झाला.

येथवरच्या विवेचनातून एक समान आकृती दिसते. चमत्कारिक वृत्तात तीन पात्रे असतात : ज्याच्यावर वृत्त आहे तो, जो ते सांगतो तो, आणि जो वाचतो तो. वृत्ताची सारी घडण दुसऱ्या आणि तिसऱ्या पात्राला जवळ आणण्यासाठी असते. ‘पाहा, काय हे!’ असे एक म्हणतो आणि ‘खरंच, काय हे!’ असे दुसरा म्हणतो. पहिल्याला या संवादात वाक्य नसते.

५

मराठीत या आकृतीवर सर्वाधिक विचार विजय तेंडुलकर यांनी केला, असे मला वाटते. ते स्वतः वृत्तपत्रांच्या संपादकीय विभागांत काम केलेले लेखक होते. बातमी कशी शिजते हे त्यांनी आतून पाहिले होते. १९८१ या एकाच वर्षी त्यांच्या दोन कृती समोर आल्या आणि दोहोंच्या मुळाशी देशाला हादरवून गेलेली वृत्ते होती. पहिली, अमोल पालेकर यांनी दिग्दर्शित केलेला चित्रपट. त्याची पटकथा तेंडुलकरांची आणि त्याचे नावच ‘आक्रीत’. परभणी जिल्ह्यातील मानवत येथे १९७२ ते १९७४ या काळात घडलेल्या, गुप्तधनाच्या लोभाशी आणि नरबळीच्या समजुतीशी जोडल्या गेलेल्या हत्यासत्राचा त्याला आधार होता. दुसरी कृती ‘कमला’ हे नाटक.

मानवत प्रकरणाचे पडसाद दीर्घ आहेत. २०१३ मध्ये महाराष्ट्रात नरबळी आणि जादूटोण्याविरुद्धचा कायदा झाला, आणि २०२४ मध्ये त्याच प्रकरणावर वेबमालिकाही आली. अर्ध्या शतकानंतरही हे वृत्त पुन्हा सांगावेसे वाटते, यातच त्याची पकड दिसते. तरी आपल्या विषयाच्या दृष्टीने ‘कमला’ अधिक महत्त्वाचे आहे, कारण त्याचा विषय घटना नसून वृत्त आहे.

एप्रिल १९८१ मध्ये ‘इंडियन एक्सप्रेस’ या दैनिकात अश्विनी सरीन या वार्ताहराने असे वृत्त दिले, की मध्यप्रदेशातील शिवपुरीजवळच्या एका गावची स्त्री त्याने २,३०० रुपयांना विकत घेतली आहे. स्त्रियांचा व्यापार चालतो हे सिद्ध करण्यासाठी त्याने स्वतः गिऱ्हाईक होण्याचा मार्ग पत्करला होता. या वृत्ताच्या आरंभाची घडण पाहण्याजोगी आहे. पहिल्याच वाक्यात किंमत येते. लगेच वार्ताहर सांगतो की त्याचा स्वतःचाच या घटनेवर विश्वास बसत नाही, आणि जोडीला येते ती पंजाबातील म्हशीच्या किमतीशी तुलना. बार्थ ज्याला प्रमाणभंग म्हणतात तो येथे आकड्यांत मांडलेला आहे, आणि वाचकाने जो अविश्वास व्यक्त करायचा तो वार्ताहराने त्याच्या वतीने आधीच व्यक्त केला आहे. या वृत्ताचा सामाजिक हेतू आणि त्याने ओढवून घेतलेला धोका कमी लेखण्याचे कारण नाही. प्रश्न हेतूचा नाही, आकृतीचा आहे.

६

तेंडुलकरांच्या नाटकात हा वार्ताहर जयसिंग जाधव होतो. दिल्लीत बंगला, नाव, धावपळ, सतत वाजणारा दूरध्वनी आणि घर सांभाळणारी पत्नी सरिता असे त्याचे जग आहे. सरितेचे काका, जुन्या वळणाचे मराठी पत्रकार काकासाहेब, त्याच्याकडे उतरले आहेत. बिहारमधील बाजारातून विकत घेतलेल्या कमलाला तो घरी आणतो आणि पत्रकार परिषदेपुढे उभी करतो.

नाटककाराची पहिली लक्षणीय निवड ही की पत्रकार परिषद रंगमंचावर घडत नाही. ज्या प्रसंगासाठी सारा खटाटोप झाला तो प्रेक्षकाला पाहायला मिळत नाही. मिळते ते त्याचे पुनर्कथन. परिषदेहून परतलेले जयसिंग आणि त्याचा मित्र जैन मद्याच्या अंमलात, हसत हसत, कमलाला कोणी काय विचारले आणि ती कशी गोंधळली हे सांगतात. प्रश्न तिच्या देहाविषयीचे, लैंगिक व्यवहाराविषयीचे आहेत. सांगणारे खुशीत आहेत, कारण परिषद यशस्वी झाली आहे. काकासाहेबांना ते असह्य होते. सरिता ऐकत राहते. याचा अर्थ असा की तेंडुलकर प्रेक्षकाला घटना देत नाहीत, प्रतिक्रिया देतात. आणि ती अशा तोंडून देतात की प्रेक्षकाला ती उचलता येऊ नये.

तरीही ती उचलली जाते, हे मी अनुभवाने सांगू शकतो. मराठी न जाणणाऱ्या विद्यार्थ्यांसमवेत, प्रिया आडारकर यांच्या इंग्रजी अनुवादाच्या आधारे, दिल्लीत या नाटकाचे वाचन मी एकदा केले. परिषदेच्या पुनर्कथनापाशी वर्गात हसू फुटले. जैनची भूमिका वाचणारा विद्यार्थी चांगला वाचक होता, त्याने लकबीने वाचले, आणि आम्ही हसलो. ‘आम्ही’ म्हणतो, कारण मीही हसलो. काही पाने पुढे गेल्यावर एका विद्यार्थिनीने पुस्तक मिटून विचारले, की मघाशी आपण त्या परिषदेत बसलो होतो काय. त्या प्रश्नाला वर्गात उत्तर मिळाले नाही. या लेखाचा उगम एका अर्थाने त्या प्रश्नात आहे.

दुसरी निवड किमतीची. प्रत्यक्ष वृत्तातले २,३०० रुपये नाटकात २५० होतात. वरवर पाहता हा केवळ परिणाम तीव्र करण्याचा उपाय वाटेल : किंमत जितकी कमी तितका धक्का मोठा. पण या बदलाचे खरे कारण पुढे, दुसऱ्या एका आकड्याशेजारी ठेवल्यावर उलगडते. रात्री कमला सरितेशी बोलू लागते. मुले किती, हे विचारते. नाहीत, हे ऐकून घेते. मग अगदी साधेपणाने, चौकशीच्या सुरात विचारते, की मालकाने तुम्हाला कितीला घेतले. सरिता चमकते, आणि क्षणभराने उत्तर देते : सातशे. कमलाच्या हिशेबी हा सौदा महाग पडला आहे. एवढे मोजून घरात मूल नाही. त्यानंतर ती दोघींनी काम वाटून घेण्याची, महिन्याचे दिवसही वाटून घेण्याची योजना मांडते आणि सरिता तिला होकार देते.

मूळ आकडा कायम ठेवला असता तर सातशे ही किंमत तिसरा हिस्सा ठरली असती आणि प्रसंगाचा तोल वेगळाच झाला असता. २५० च्या शेजारी ७०० ठेवल्यामुळे दोन्ही स्त्रिया एकाच बाजारातल्या ठरतात, आणि त्यांतली एक केवळ महाग ठरते. वृत्तात किंमत ही वाचकाने चकित व्हावे म्हणून होती. नाटकात तीच किंमत चकित होणाऱ्याच्या घरात शिरते. कमलाचा प्रश्न अज्ञानातून आलेला आहे असे अनेकदा म्हटले जाते. मला तो तसा वाटत नाही. तिच्या जगाचे जे प्रमाण आहे ते घेऊन ती या बंगल्याकडे पाहते, आणि त्या मापाने तिला येथील व्यवहार पूर्णपणे समजतो. आक्रीत कोणाला वाटावे, हे ठरवण्याचा अधिकार येथे पहिल्यांदा वृत्ताच्या विषयाकडे जातो. ज्या पात्राला वाक्य नव्हते त्याला प्रश्न मिळतो.

या प्रश्नानंतर सरिता पूर्वीची राहत नाही. कमलाला अनाथाश्रमात पाठवायचे जयसिंग ठरवतो तेव्हा ती विरोध करू पाहते आणि या घरातले निर्णय कोण घेतो हे तिला ऐकवले जाते. शेवटी मालकाच्या दबावापायी जयसिंगचीच नोकरी जाते. ज्या वृत्तव्यवस्थेत तो वापरणारा होता तीत तोही वापरला गेला. सरिता त्या रात्री त्याला सोडून जात नाही. पण आपण दासी असण्याचा एक दिवस शेवटचा असेल, हे ती काकासाहेबांना शांतपणे सांगते.

७

येथे ‘कमला’विषयीच्या एका गंभीर आक्षेपाचा विचार करणे आवश्यक आहे. नाटकाचे नाव कमला असले तरी जागृती सरितेची होते. कमला आश्रमात रवाना झाली की नाटक तिच्याकडे वळून पाहत नाही. विकल्या गेलेल्या दरिद्री स्त्रीचा उपयोग मध्यमवर्गीय पत्नीला स्वतःची गुलामी दिसावी म्हणून, आरशासारखा, होतो. जयसिंगने जे केले तेच नाटककाराने अधिक सुसंस्कृतपणे केले, असे या आक्षेपाचे टोक आहे. ‘विवाह म्हणजेही खरेदी’ हे समीकरण दोन स्त्रियांच्या दुःखांतले प्रचंड अंतर पुसून टाकते, असाही त्याचा एक पदर आहे.

हा आक्षेप मला मान्य आहे, आणि तो नाटकाच्या बाजूने केलेल्या वरील विवेचनाने फिटत नाही. कमलाचा प्रश्न घरात राहतो आणि कमला जाते. प्रश्नाचा लाभ ज्याला झाला त्याने विचारणारीला राखले नाही. मात्र एक फरक नोंदवणे न्याय्य ठरेल. वृत्त आपल्या विषयाचे जाणे लपवते : उद्याच्या अंकात दुसरे आक्रीत येते आणि कालच्या माणसाचे काय झाले हे विचारण्याची सोयच उरत नाही. तेंडुलकर ते जाणे रंगमंचावर, भर उजेडात घडवतात. कमला कोठे चालली आहे हे तिला सांगितले जात नाही, हे आपल्याला दिसते. तिला थांबवण्याचा एकुलता प्रयत्न कोणत्या वाक्याने मोडला गेला हेही दिसते. नाटक कमलाला वाचवत नाही, पण आपण तिला वाचवले असल्याचा आव आणायला प्रेक्षकाला जागा ठेवत नाही. स्तांधालच्या विस्तारात वृत्त हरवते आणि फेनेओंच्या संक्षेपात माणूस हरवतो, असे वर म्हटले. ‘कमला’त माणूस हरवताना दिसतो. एवढेच त्याचे श्रेय, आणि माझ्या मते ते थोडे नाही.

तौलनिक अभ्यासाच्या दृष्टीने यातून एक कार्यदिशा सुचते. वृत्ताधिष्ठित कृतींची तुलना करताना आपण सामान्यतः मूळ घटना आणि कलाकृती हे दोनच स्तंभ आखतो. मधला स्तंभ, म्हणजे वृत्ताने घडवलेली प्रतिक्रिया, आपण मोकळा ठेवतो, कारण ती क्षणिक असते, विखुरलेली असते आणि अभिजनांच्या अभिरुचीला हलकी वाटते. तो स्तंभ भरल्याशिवाय भारतीय भाषांतील अशा कृतींची तुलना अपुरी राहील, कारण एकाच घटनेवर हिंदी, बंगाली, तमिळ वा मराठी वाचक एकाच ठिकाणी हसत नाहीत. कोठे हसले, कोठे चिडले आणि कोठे गप्प झाले, यांचे नकाशे वेगळे असतात. हे नकाशे काढायचे तर जुन्या वृत्तपत्रांची आतली पाने, वाचकांचा पत्रव्यवहार, नाट्यप्रयोगांच्या वेळच्या प्रेक्षकांच्या आठवणी अशी सामग्री गोळा करावी लागेल. आणि ती दुसऱ्यांच्या प्रतिक्रियांची असली तरी गोळा करणाऱ्याला स्वतःची प्रतिक्रिया बाहेर ठेवता येणार नाही.

त्या वर्गातले हसू मी वर नोंदवले ते याच कारणासाठी. अभ्यासक स्वतःला बहुधा काकासाहेबांच्या जागी पाहतो, ज्यांना ते पुनर्कथन असह्य झाले. पण काकासाहेबही त्या घरात पाहुणे म्हणून उतरलेले आहेत, आणि कमला जाते तेव्हा त्यांचा संताप तिच्या काही उपयोगी पडत नाही.